दस्तरखान उचलल्यावर

रात्रीचे अकरा वाजून गेले होते. घर झोपले होते. स्वयंपाकघरातला दिवा न लावता, फ्रीजच्या उघड्या दारातून येणाऱ्या उजेडात मी उभी होते. हातात मुलाने अर्धवट टाकलेली रोटी, समोर तळाशी राहिलेले सालन आणि ओट्यावर झाकण काढून ठेवलेला फरसाणाचा डबा. पाणी प्यायला उठलेली माझी नऊ वर्षांची मुलगी दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "अम्मी, अंधेरे में क्यूँ खा रहे? कोई कुछ बोलेगा क्या?"

मी तिला पाणी दिले, अंथरुणावर नेऊन झोपवले. उत्तर मात्र दिले नाही. खरे म्हणजे घरात मला कोणी काही बोलणार नव्हते. अन्न हलाल कमाईचे होते, घरचेच होते, कुणाच्या वाट्याचे मी ओढून घेतले नव्हते. मग मी दिवा का लावला नव्हता?

विषय क्षुल्लक आहे असे कुणी म्हणेल. आमच्या मालेगावात हजारो माणसे रात्रपाळीत यंत्रमागावर उभी असतात आणि पहाटे दोन वाजता चहा-पाव खाऊन पुन्हा मागावर जातात. त्यांचे ते खाणे म्हणजे कष्टाचे जेवण आहे, त्याच्याबद्दल हा लेख नाही. माझ्या वर्गात काही मुले सकाळी काहीही न खाता येतात आणि शाळेतल्या खिचडीची घंटा कधी होते याकडे कान लावून बसतात. अशा गावात भरल्या पोटी डब्यात हात घालणाऱ्या बाईने आपल्या वजनाची चिंता कागदावर मांडावी, हे मलाही संकोचाचे वाटते. पण क्षुल्लक गोष्टीत माणूस स्वतःला जितका स्पष्ट दिसतो, तितका मोठ्या गोष्टीत दिसत नाही. मोठ्या गोष्टींत आपण सावध असतो.

आधी हिशेब सांगते. माझी उंची १५५ सेंटिमीटर आहे आणि गेल्या वर्षी माझे वजन ६८ किलो होते. उंची-वजनाच्या प्रमाणाचा जो आकडा डॉक्टर काढतात, तो २८ च्या पुढे गेला होता. भारतीयांसाठी २३ च्या पुढे वजन जास्त आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणाऱ्या तपासणीत ६.१ आले. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. माझ्या वालिदांनी याच आजारात पायाची दोन बोटे गमावली. त्यांची जखम मी स्वतः धुतलेली आहे. तेव्हा या उंबरठ्याच्या पलीकडे काय आहे, हे मला कुणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

या बाबतीत आपली शरीरे तशीही दगा देणारी आहेत. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले होते. दोघांचेही उंची-वजनाचे प्रमाण अगदी सारखे, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. दिसायला बारीक असलेला भारतीय माणूसही आतून चरबी बाळगून असतो, हे त्यातून जगाला कळले. माझ्यासारखीला तर दिसायला बारीक असल्याचा दिलासाही नव्हता.

हे सगळे माहीत असूनही रात्री हात डब्याकडे जात होता. माहीत असूनही माणूस चुकतो कसा, हा प्रश्न फार जुना आहे. सुकरात म्हणत असे की, जाणूनबुजून कुणी वाईट करत नाही. जो करतो त्याला खरे ज्ञानच झालेले नसते. त्याच्या शिष्याचा शिष्य अरस्तू याला ते पटले नाही. 'निकोमाकियन एथिक्स'च्या सातव्या भागात त्याने दोन माणसे वेगळी केली. एक, जो हावरटपणालाच योग्य समजतो. दुसरा, ज्याला योग्य काय ते कळते, पण वेळ येताच त्याचा तोल जातो आणि मग तो पस्तावतो. पहिल्याला सुधारणे कठीण, दुसऱ्याला शक्य, कारण पस्तावा शिल्लक आहे. आपल्याकडे हीच गोष्ट नफ्सच्या तीन अवस्थांतून सांगितली जाते. वाईटाकडे ढकलणारा अम्मारा, स्वतःलाच बोल लावणारा लव्वामा आणि शांत झालेला मुतमइन्ना. तिन्ही शब्द कुरआनमधले आहेत. बी.एड.च्या मानसशास्त्राच्या पुस्तकात जे सापडले नाही, ते या तीन शब्दांत सापडते असे मला नेहमी वाटत आले आहे.

पण माझा अनुभव या शिडीत नीट बसत नव्हता. माझा लव्वामा रोज रात्री हजर असायचा. पहिला घास तोंडात जाताच तो बोलू लागे, "शरम नाही वाटत? उद्या मुलांना सब्रचा धडा शिकवणार आहेस ना?" आणि गंमत अशी की, त्याने जितके झोडपावे तितकी दुसरी मूठ लवकर भरली जाई. आज मोडलेच आहे तर मोडू दे, उद्यापासून पाहू. शंभर ग्रॅम शेव-फरसाणात पाचशेच्या वर उष्मांक असतात. म्हणजे दोन-तीन मुठींत एका साध्या जेवणाइतके अन्न पोटात जाते, आणि ते जेवण म्हणून मोजलेही जात नाही. स्वतःला बोल लावल्याने माणूस सुधारतो, ही माझी समजूत या डब्यापाशी पहिल्यांदा डळमळली.

खरा पेच रमजानने घातला. २०१८ साली रमजान मे-जूनमध्ये आला होता. पारा चाळिशीच्या वर, रोजा साडेचौदा तासांच्या आसपास. त्या दिवसांत मी घरात एकटी असताना माठासमोरून दहा वेळा गेले, पण पाण्याचा थेंब घ्यावा असे मनातही आले नाही. पाहणारे कुणी नव्हते. तीच मी, तेच स्वयंपाकघर, तेच मन. मग शव्वालचा महिना लागताच ते मन कुठे गेले?

याचे नेहमीचे उत्तर मला ठाऊक आहे, मी स्वतःही ते इतरांना दिलेले आहे. रमजानमध्ये अल्लाहचे भय असते, एरवी ईमान कमजोर पडते. पण हे उत्तर घेऊन मी थोडी पुढे गेले की अडखळते. बाकीचे अकरा महिने मी खोटे बोलत नाही, कुणाचे पैसे बुडवत नाही, नमाज शक्यतो चुकवत नाही. तेव्हा ईमान असते आणि फक्त रात्री अकरा वाजता फरसाणाच्या डब्यापाशी ते नाहीसे होते, असे कसे मानायचे? शिवाय रोज्याने माझे वजनही कधी कमी झाले नाही. दिवसभर राखलेला संयम इफ्तारच्या भजी-समोशांत आणि तरावीहनंतरच्या खाण्यात परत निघून जाई. म्हणजे इच्छाशक्ती हा काही पाण्याच्या टाकीसारखा साठा नसावा, की एका महिन्यात भरली आणि वर्षभर पुरली. रोजा जमतो याचे कारण केवळ माझ्या आत नसून बाहेरही कुठेतरी असले पाहिजे.

ते शोधायचे तर दिवसाकडे पाहावे लागले. सकाळी साडेपाचला उठणे, डबे, शाळा, पाच-सहा तास उभे राहून शिकवणे, घरी येऊन स्वयंपाक, मुलांचा अभ्यास, सासूबाईंची औषधे. साडेआठला मुले आणि सासूबाई जेवायच्या. दहाला मुलांचे अब्बा दुकान बंद करून यायचे, त्यांना गरम रोटी करून वाढायची. मग भांडी, ओटा, उद्याची तयारी. या सगळ्यात माझे जेवण कुठे होते? कधी मुलांबरोबर दोन घास, कधी यांच्यासमोर अर्धी रोटी, बहुतेक वेळा उभ्यानेच. बसून, ताट घेऊन, भूक लागली म्हणून जेवले असे आठवड्यात एखाद्या वेळी घडत असेल. त्यानंतर अकरा वाजता जो अर्धा तास मिळे तो दिवसातला एकमेव माझा तास. त्या वेळी कुणी हाक मारत नव्हते. त्या शांततेत मी जे खात होते, ती भूक नव्हती असे मी स्वतःला सांगत होते. खरे तर त्यात थोडी भूकही होती, थोडा थकवा होता आणि 'आता तरी काहीतरी माझे' अशी एक वसुली होती.

थकव्याचे काम विज्ञानानेही दाखवून दिले आहे. शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी २००४ साली बारा निरोगी तरुणांना दोन रात्री फक्त चार-चार तास झोपू दिले. भरपूर झोपेच्या तुलनेत त्यांच्या रक्तात पोट भरल्याची खूण देणारे लेप्टिन १८ टक्क्यांनी घटले आणि भूक चेतवणारे घ्रेलिन २८ टक्क्यांनी वाढले. त्याही आधी, १९५५ साली, अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञ अल्बर्ट स्टंकार्ड यांनी सकाळी भूक नसणारे आणि रात्री झोप येत नाही म्हणून खात राहणारे रुग्ण पाहून त्या स्थितीला आजाराचे नाव दिले होते. रात्री डबा उघडणारा प्रत्येक माणूस आजारी नसतो. पण जो रोज झोपेतून उठून खातो, खाल्ल्याशिवाय ज्याला झोप येत नाही, त्याने स्वतःला गुन्हेगार समजण्यापेक्षा डॉक्टरकडे जावे हे बरे.

तरीही सगळे झोपेवर आणि रसायनांवर ढकलून मला सुटायचे नाही. माझ्या ताटलीत आणखी एक गोष्ट होती, आणि ती आपल्या घराघरांत आहे. ती म्हणजे मुलांनी टाकलेले अन्न. आपण लहानपणापासून शिकलो की, खाली पडलेला घासही उचलून साफ करून खावा, ताट बोटाने पुसून घ्यावे, कारण बरकत कोणत्या दाण्यात आहे हे माणसाला ठाऊक नसते. ही शिकवण हदीसची आहे आणि मला ती प्रिय आहे. पण घरात ती पाळण्याचे काम कुणावर येऊन पडते? मुलगा अर्धी रोटी टाकून पळतो. सासूबाई भात उरवतात. पातेल्यात सालन राहते. फेकणे गुनाह, ठेवायला जागा नाही, मग अम्मीचे पोट आहेच. मी रोज रात्री घराची बरकत वाचवते आहे असा माझा समज होता.

एके दिवशी सूरह आराफमधली ती आयत मुलांना समजावून सांगत होते, जिच्यात खाण्यापिण्याची मोकळीक आहे पण इसराफ, म्हणजे उधळपट्टी, मना आहे. मी फळ्यावर इसराफची उदाहरणे लिहीत होते. नळ उघडा ठेवणे, लग्नात अन्न फेकणे. लिहिता लिहिता मनात आले, भरल्या पोटात टाकलेले अन्न कुठे जाते? कचऱ्यात टाकलेले निदान कुत्र्या-मांजराच्या उपयोगी पडते. माझ्या पोटात टाकलेले ना माझी भूक भागवते, ना दुसऱ्याची. उलट ते उद्या औषधांचा खर्च होऊन परत येणार. म्हणजे मी अन्नाची उधळपट्टी वाचवत नव्हते, फक्त तिची जागा बदलत होते. तिर्मिजींच्या संग्रहात पोटाचे तीन भाग करायला सांगितले आहेत, एक अन्नाला, एक पाण्याला, एक श्वासाला. तिसरा भागही उरलेल्या भाताने भरून टाकणे ही काही अन्नाची इज्जत नव्हे. आणि दिवसा रोजा व रात्रभर नमाज करणाऱ्या एका सहाबींना पैगंबरांनी (स.) समजावले होते की तुझ्या शरीराचाही तुझ्यावर हक्क आहे. इबादतीपुढेही जो हक्क उभा राहतो, तो अर्ध्या रोटीपुढे का पडावा?

आता रोज्याकडे पुन्हा वळते. रमजानमध्ये बाहेरचे असे काय असते, याचे उत्तर मला इफ्तारच्या दस्तरखानवर मिळाले. वर्षातला तो एकच महिना असा की, घरातली बाई सर्वांबरोबर पहिला घास घेते. मगरीबची अजान कुणासाठी थांबत नाही. भजी तळायची राहिली असली तरी गॅस बंद करून बसावे लागते, कारण खजूर तिच्याही हातात हवी. वेळ ठरलेली, हद्द ठरलेली, आणि कमावणारा, म्हातारा, मूल, बाई सगळे एका ओळीत. तिथे मला माझ्या नफ्सशी एकटीने झुंजावे लागत नाही. अख्खे घर, अख्खा मोहल्ला माझ्याबरोबर थांबलेला असतो आणि माझ्याबरोबरच खातो.

अबू दाऊद यांच्या संग्रहात एक प्रसंग आहे. काही सहाबी तक्रार करतात की, आम्ही खातो पण आमचे पोट भरत नाही. पैगंबर (स.) त्यांना विचारतात की, तुम्ही वेगवेगळे तर खात नाही ना? ते हो म्हणतात. मग एकत्र बसून, अल्लाहचे नाव घेऊन जेवा, त्यात बरकत आहे, असे त्यांना सांगितले जाते. हा प्रसंग मी किती वेळा ऐकला असेन. पण खातो आणि पोट भरत नाही ही तक्रार आपल्याच स्वयंपाकघरातली आहे, हे मला कधी सुचले नव्हते.

राहिला दिवा न लावण्याचा प्रश्न. इमाम गजाली (मृत्यू ११११) यांच्या 'इह्या उलूमिद्दीन'च्या चाळीस भागांपैकी तेविसावा भाग पोटाच्या आणि वासनेच्या भुकेवर आहे. कमी खाण्याचे इतके गुण सांगितल्यावर शेवटी ते एका धोक्याची सूचना देतात. जो माणूस लोकांत एखाद्या पदार्थापासून दूर राहतो आणि एकांतात तोच खातो, त्याला ते नुसत्या खाणाऱ्यापेक्षा वाईट ठरवतात, कारण त्याने भुकेच्या जोडीला दिखावाही पाळला. हे वाचून मी दचकले. शाळेच्या स्टाफरूममध्ये समोसा आला की मी "नको, वजन कमी करते आहे" म्हणत असे, आणि सगळ्याजणी माझे कौतुक करत. त्या कौतुकाची किंमत मी रात्री अंधारात चुकवत होते. माझा दोष फरसाण खाण्यात जितका होता, त्याहून जास्त या दुहेरीपणात होता. अंधार मी अन्नासाठी नव्हे, माझ्या प्रतिमेसाठी केला होता.

मग मी काय केले? मोठे असे काही नाही. घरात सांगितले की, आता साडेआठला मीही दस्तरखानवर बसणार, पूर्ण जेवणार, आणि कुणाला काही हवे असेल तर त्याने उठून घ्यावे. मुलांचे अब्बा दहाला येतात, त्यांचे जेवण झाकून ठेवीन. हे बोलताना माझा आवाज कापला, हे लपवत नाही. घरचा मर्द बाहेर असताना बाईने आधी जेवावे ही गोष्ट आमच्या घरात नवी होती. मी स्वार्थी तर होत नाही ना, या प्रश्नाने मला दोन रात्री झोप नव्हती. यांनी थोडा वेळ विचार करून "ठीक आहे, मीच लवकर यायचे पाहतो" एवढेच म्हटले. आता आठवड्यातून तीन-चार दिवस ते खरोखरच नऊपर्यंत येतात. विरोध सासूबाई करतील असे वाटले होते. त्या गप्प राहिल्या. दुसऱ्या दिवशी रोट्या करताना म्हणाल्या, "बेटी, चाळीस वर्षे मी सगळ्यांच्या मागून जेवले. रात्री मीही गुळाचा डबा उघडत होते. तेव्हा वाटायचे, मीच चोर आहे." त्या चाळीस वर्षांतील शेवटची सतरा वर्षे त्या साखरेच्या गोळ्यांवर आहेत. त्यांच्या गोळ्या मी रोज हाताने काढून देते, पण हे मला माहीत नव्हते.

बाकीच्या गोष्टी साध्या. रोट्या मोजून करते. मुलांना आधी कमी वाढते, मागितले तर पुन्हा देते. उरलेले सालन सकाळच्या डब्यात जाते. फरसाणाचा डबा कुलपात ठेवला नाही. तो बाहेर, सर्वांसमोर ठेवला, आणि खायचे असेल तेव्हा वाटीत काढून, दिवा लावून, बसून खायचे असा नियम केला. हा निर्णय रात्री अकराला घेत नाही, दिवसा घेते. रोज्याची नियत जशी पहाट होण्याआधी करून ठेवतात, तशी ही नियत असरच्या वेळी करून ठेवते. रात्रीच्या थकलेल्या बाईवर निर्णयाचे ओझे टाकायचे नाही, एवढे मी शिकले. आणि साडेदहाला झोपते. घासायची राहिलेली भांडी सकाळपर्यंत थांबू शकतात, हेही शिकले.

आठ महिन्यांत वजन साडेतीन किलोने उतरले, साखरेचा आकडा ५.९ झाला. अजून उंबरठ्यावरच आहे. काही रात्री हात डब्याकडे जातोच. परीक्षेचे पेपर तपासताना तर हमखास. पण आता त्या वेळी लव्वामाचे फटके मी कमी केले आहेत. त्याला विचारते, आज दुपारी काय खाल्लेस, कुणी दुखावले का, झोप झाली का? बहुधा यातल्याच एकात उत्तर असते. नफ्सला शत्रू म्हणण्याची आपली रीत आहे आणि ती चुकीची आहे असे म्हणण्याइतके माझे इल्म नाही. पण शत्रू समजून ज्याला रोज मारले, त्याच्यात एखादा थकलेला, उपाशी देणेकरीही असू शकतो, आणि त्याचे देणे दिवसा चुकवले तर रात्री तो दारात उभा राहत नाही, असे माझ्या अनुभवाने मी म्हणू शकते.

गेल्या महिन्यात एका रात्री पेपर तपासता तपासता मला खरोखर भूक लागली. मी दिवा लावला, वाटीत मूठभर फुटाणे काढले आणि दस्तरखानवर बसले. मुलगी पुन्हा पाण्यासाठी उठली होती. तिने वाटीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि शेजारी येऊन बसली. म्हणाली, "मुझे भी दो." मी वाटी दोघींच्या मध्ये ठेवली.